पालकापुरती थंडी

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की मराठी वर्तमानपत्रांत दोन बातम्या हमखास येतात. एक, निफाडचा पारा घसरला. दुसरी, मुंबईकर गारठले. पहिल्या बातमीला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या तापमापकाचा आधार असतो आणि आकडा पाच-सहा अंशांचा असतो. दुसऱ्या बातमीतला आकडा सोळा-सतराचा असतो, आणि आधार म्हणाल तर मरीन ड्राइव्हवर शाल पांघरून फिरणाऱ्या दोन आजीबाईंचा फोटो. आम्ही मिरा रोडकर या दुसऱ्या बातमीत मोडतो. पहाटेच्या चर्चगेट लोकलमध्ये निम्मा डबा कानटोप्या घालून बसलेला असतो आणि दहिसर यायच्या आत त्यातल्या निम्म्या खिशात गेलेल्या असतात.

माझी सासुरवाडी निफाड तालुक्यातली. त्यामुळे या दोन बातम्यांची तुलना आमच्या घरी दर हिवाळ्यात फोनवरून होते. सासरे, म्हणजे अण्णा, सकाळी चहाच्या वेळेला फोन करतात.

“जावईबापू, थंडी हाये का तिकडं?”

“आहे की अण्णा. पंखा दोनवर केलाय.”

पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू येत नाही. शेकोटीला पाठ देऊन बसलेल्या माणसानं यावर काय बोलावं? मग ते खाकरतात.

“आन् पालक पेरला म्हणे तुम्ही. खिडकीत.”

ही बातमी त्यांना त्यांच्या लेकीनं पुरवलेली असते. “खिडकीत” या शब्दावर त्यांनी दिलेला जोर मला फोनमधूनही टोचतो. अण्णांची द्राक्षबाग आहे. तिथं थंडी फार वाढली तर मणी तडकू नयेत म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. बागेच्या कडेला घरापुरता मेथी-पालकाचा वाफा असतो, आणि त्याच्याकडे कोणी बघतसुद्धा नाही. तो आपला वाढतो, कोणीतरी येतं, विळ्यानं कापून नेतं. अण्णांच्या हिशेबी पालक म्हणजे थंडीचं पीक, थंडी म्हणजे पहाटे हातपंप धरवत नाही ती, आणि ज्या गावात जानेवारीत पंखा चालतो त्या गावानं पालकाच्या फंदात पडू नये.

अण्णा चुकीचं बोलत नाहीत. पालकाला थंडी मानवते हे कुठल्याही शेतीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पंधरा-वीस अंशांत पानं रुंद, कोवळी, रसरशीत येतात. ऊन तापलं की झाडाला घाई होते, मधूनच दांडा वर येतो, पानं लहान आणि चिवट होतात. आमच्याकडे जानेवारीत पहाट सोळा-सतराची असली तरी दुपार तिशी गाठते. मुंबईचा पारा एकदा, जानेवारी 1962 मध्ये, सांताक्रूझला 7.4 अंशांपर्यंत उतरला होता. तो विक्रम अजून मोडलेला नाही आणि मोडावा अशी आमच्या इमारतीत कोणाचीच इच्छा नाही. गीझरवर आधीच पुष्कळ ताण आहे.

तरीही मिरा रोडच्या आमच्या बेव्हर्ली पार्कात पालक येतो, आणि चांगला येतो. अण्णांना हे पटत नाही म्हणून मी जरा खोलात गेलो, तेव्हा एक मजेदार भानगड हाती लागली. आपण ज्याला पालक म्हणून चण्याच्या डाळीत शिजवतो, तो मुळात पुस्तकातला स्पिनॅच नव्हेच. तो बिटाचा भाऊ आहे. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव बीटा व्हल्गॅरिस, जात बेंगालेन्सिस. तेच बीट, ज्याची कोशिंबीर करताना ओट्यावर रक्तपात होतो. फक्त या भावानं खाली गड्डा न धरता सगळा जोर पानांत घातला. परदेशी सिनेमात दिसतो आणि मॉलमध्ये प्लॅस्टिकच्या डब्यात महाग मिळतो तो स्पिनॅच वेगळा, स्पिनॅशिया ओलेरॅशिया. त्याला आपल्याकडे विलायती पालक म्हणतात. तो मूळचा इराणकडचा. इसवी सन 647 मध्ये नेपाळच्या राजानं तो चीनच्या तांग सम्राटाला भेट म्हणून पाठवल्याची नोंद चिनी ग्रंथांत आहे. राजानं राजाला पालेभाजी पाठवावी हा काळ किती साधा असेल! आज आपण शेजाऱ्याकडे पालकाची जुडी घेऊन गेलो तर तो आधी आपल्या तोंडाकडे बघतो आणि मग विचारतो, “काही काम होतं का?”

या विलायती पालकात नर झाड निराळं आणि मादी झाड निराळं. थंडी नसली की तो रुसतो. दिवस मोठे होऊ लागले की तो पानं सोडून फुलांच्या मागे लागतो. आपला पालक असल्या भानगडीत पडत नाही. त्यालाही थंडी आवडते, पण तिच्यावाचून त्याचं अडत नाही. एकदा पेरला, महिना-सव्वा महिन्यानं कापला, की पंधरा-वीस दिवसांत पुन्हा तयार. दिल्लीच्या पुसा संस्थेनं काढलेला ‘ऑल ग्रीन’ हा वाण याच घराण्यातला. तो नीट राखला तर सहा-सात कापण्या देतो असं पाकिटावर लिहिलेलं असतं. पाकिटावरचं सगळं खरं मानू नये. पण चार कापण्या तो खिडकीतही देतो.

पण मला खरा आनंद झाला तो पुढच्या माहितीनं. बीट, साखरबीट, स्विस चार्ड आणि आपला पालक या सगळ्यांचा मूळपुरुष एकच, आणि तो समुद्रकिनाऱ्यावर राहतो. सी बीट, बीटा मॅरिटिमा. भूमध्य समुद्राच्या आणि अटलांटिकच्या काठावर, जिथं खारा वारा तोंडावर येतो आणि भरतीचे शिंतोडे उडतात, तिथं तो दगडगोट्यांत आजही रानटी वाढतो. म्हणून या कुळाला मीठ सोसतं. दुसऱ्या भाज्या ज्या खारवटलेल्या जमिनीत माना टाकतात तिथं बीटवर्गीय पिकं तग धरतात. युरोपात साखरबिटाच्या शेताला शेतकरी मुद्दाम मीठ टाकत आले आहेत, इतकं ते त्याला मानवतं.

आता मिरा-भाईंदर म्हणजे काय? एका अंगाला वसईची खाडी, दुसऱ्या अंगाला उत्तनचा समुद्र, आणि मध्ये खाजणं न् मिठागरं. भाईंदरचं मीठ एके काळी दूरवर जायचं. 1985 साली नगरपरिषद झाली, 2002 साली महानगरपालिका झाली, भराव पडले, टॉवर उभे राहिले, त्यांना बेव्हर्लीसारखी, हॉलीवूडला शोभतील अशी नावं मिळाली. पण जमिनीखालचं खारं पाणी काही कुठं गेलं नाही. उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा बादलीच्या कडेला पांढरी रेघ उमटते. कुंडीच्या मातीवर आठवड्याभरात पांढरी पापडी धरते. गुलाबानं या पाण्यापुढे हात टेकले. आमच्या हिच्या माहेराहून आणलेल्या मोगऱ्यानं एक पावसाळा काढला आणि राम म्हटला. पालकाला मात्र काहीच झालं नाही. समुद्रावरून आलेल्या कुळातला जीव तो, खाजणावर वसलेल्या गावात त्याला परकं का वाटावं? हा मुद्दा मी अण्णांना फोनवर सविस्तर समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, “मग भाजी खारट लागती का?”

लागत नाही. तरी हिनं मीठ घालताना एकदा माझ्याकडे बघितलंच.

खिडकीत पालक लावायचा तर पेटी लागते. पालकाच्या मुळांना वीतभर माती पुरते, म्हणून खोल कुंडी नको, पसरट काहीतरी हवं. मिरा रोडला या कामासाठी सर्वोत्तम वस्तू म्हणजे मासळीबाजारातली थर्माकोलची पेटी. बर्फात घालून मासे आले की पेटी मोकळी होते आणि कोळीणबाई थोड्या घासाघिशीनंतर ती देऊन टाकते. अडचण एवढीच की पेटीला बोंबलाचा वास असतो आणि आमच्या इमारतीत निम्मी घरं कांदालसूणसुद्धा न खाणारी आहेत. पेटी लिफ्टमधून नेताना सातव्या मजल्यापर्यंत माझ्याशी कोणी बोललं नाही. घरी ती चिंच आणि भांड्यांच्या पावडरीनं घासून, दोन दिवस उन्हात ठेवून, तळाला खिळ्यानं भोकं पाडून सज्ज केली. वास पूर्ण गेला असं मी म्हणतो. मांजर तसं म्हणत नाही.

मातीची गोष्ट आणखी निराळी. मुंबईत माती विकत घ्यावी लागते, हे अण्णांना कितीदा सांगितलं तरी ते हसायचं थांबत नाहीत. “मातीला पैसं?” असं म्हणून ते फोन सासूबाईंकडे देतात, म्हणजे त्यांनाही हसता यावं. नर्सरीवाला लाल मातीची गोणी देतो. ती नुसती वापरली तर आठ दिवसांत विटेचा कडकपणा धरते. म्हणून तिच्यात गांडूळखत, कोकोपीट, सुकलेला पाला मिसळायचा. वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनी तर माती जवळपास वजाच केली होती. उसाचं चिपाड, पालापाचोळा आणि मूठभर माती यांवर गच्चीत भाज्या-फळं काढून दाखवली आणि ती रीत शहरभर शिकवली. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांनी पालापाचोळ्यापासून सुपीक माती करायची पद्धत लोकांच्या हाती दिली, त्या मातीला अमृतमाती म्हणतात. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज निघणाऱ्या भाजीच्या देठासालींचं काय करायचं, या प्रश्नातून प्रीती पाटील यांनी तिथल्या गच्चीवर बागच उभी केली. ही सगळी मोठी माणसं. माझ्या वाट्याला आला तो नाक्यावरचा रसवंतीवाला. त्याच्याकडे चिपाडाचा ढीग पडलेला असतो. पिशवीभर मागितलं तर त्याला वाटलं मी चुकून मागतोय. त्यानं आधी एक ग्लास रस पाजला.

चिपाडात गोडवा शिल्लक असतो, त्यामुळे पहिला आठवडा मुंग्यांचा. नंतर त्या कंटाळून जातात.

पेरणी दिवाळीनंतर. दसऱ्यालाच हात शिवशिवतात, पण ऑक्टोबरची उष्णता ओसरू द्यावी. पालकाचं बी बघितलं आहे का तुम्ही? खडबडीत, कोनेदार, औषध चोळल्यामुळे बहुधा गुलाबी. ते एक बी नसतंच, दोन-तीन बियांची वाळून घट्ट झालेली गाठ असते. रात्रभर पाण्यात भिजत घालायची, सकाळी ते रंगीत पाणी ओतून द्यायचं, बोटाच्या पेराएवढ्या खोल ओळीनं टाकायची. आठवड्याभरात पहाटे पेटीशी वाकून बघावं. आधी मातीला तडे जातात. मग पांढरट देठाचा वाक दिसतो, डोकं अजून मातीतच. दुपारपर्यंत तो सरळ होतो आणि दोन लांबट, अरुंद पानं जोडीनं वर येतात. त्यांच्या टोकाला बियाचं खडबडीत टरफल कानटोपीसारखं अडकून राहिलेलं असतं. ते ओढून काढायचा मोह होतो. काढू नये, पान फाटतं. दुसऱ्या दिवशी ते आपलं आपण पडतं. एका गाठीतून दोन-तीन रोपं एकमेकांना खेटून येतात आणि मग विरळणी करावी लागते. जोमदार एक ठेवायचं, बाकीची उपटायची. शेतकऱ्याला यात काही वाटत नाही. खिडकीतल्या माणसाला प्रत्येक रोपाशी थोडं बोलावं लागतं. उपटलेली कोवळी रोपं मी दह्याच्या कोशिंबिरीत टाकली, तेवढंच समाधान.

ऊन हा बेव्हर्ली पार्कातला सगळ्यात दुर्मीळ माल. समोर टॉवर, डाव्या हाताला टॉवर, मध्ये एक फट. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे सकाळी या फटीतून ऊन आत येतं. पट्टा प्रथम ग्रिलच्या डाव्या कोपऱ्यात पडतो, मग हळूहळू उजवीकडे सरकतो, नंतर वाळत घातलेल्या टॉवेलवर चढतो आणि संपतो. पालकाला रोज चार तास तरी ऊन मिळावं असं सांगतात. आम्ही पेटी उन्हामागे सरकवत नेऊन कसंबसं तेवढं जमवतो. मी सकाळी ऑफिसला निघून गेलो की ही जबाबदारी आईवर येते. आई खुर्ची टाकून पोथी वाचत बसते आणि दर अध्यायाला पेटी वीतभर उजवीकडे ढकलते. ग्रंथवाचनाचा शेतीला असा थेट उपयोग झालेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

पाण्याचा मामला जास्त नाजूक. खालच्या मजल्यावरच्यांच्या चादरीवर तपकिरी थेंब पडले आणि सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा निरोप आला: “ग्रिलमधील कुंड्यांतून पाणी टपकल्यास संबंधितांवर कारवाई करण्यात येईल.” संबंधित कोण हे सगळ्यांना माहीत होतं. तेव्हापासून पेटीखाली जुना ट्रे आहे. तांदूळ धुतलेलं पाणी पेटीला जातं, डाळ धुतलेलं जातं, भाज्या धुतलेलं जातं. ट्रेमध्ये साचलेलं पुन्हा पेटीत. टँकरच्या गावात पाणी दोन-तीनदा वापरायला कोणाला शिकवावं लागत नाही.

कबुतरांचं मात्र काहीच करता येत नाही. दादरचा कबुतरखाना 2025 साली ताडपत्रीनं झाकला, कोर्टात प्रकरण गेलं, आंदोलनं झाली, वाहिन्यांवर चर्चा रंगल्या. आमच्याकडच्या कबुतरांनी त्या चर्चा ऐकल्या असाव्यात, कारण त्या हिवाळ्यात ती जास्तच बिनधास्त झाली. कोंब वर आले की ती सकाळी नाश्त्याला हजर. मी जाळी लावायला माणूस बोलावला. तो आला त्या सकाळी पेटीच्या एका कोपऱ्यात, नेमक्या दोन ओळींच्या मध्ये, काडीकचरा जमवून एक मादी बसलेली. तिला उठवलं तर खाली दोन पांढरी अंडी. शेजारच्या बेन त्यांच्या ग्रिलमधून हे सगळं बघत होत्या.

“ईंडां मूक्यां छे, हवे अडता नहीं,” त्या गुजरातीतच म्हणाल्या, मग मला नीट कळावं म्हणून हिंदीत, “पाप लगेगा, भाई.”

जाळीवाल्यानं पिशवी गुंडाळली. त्याचंही मत बेनसारखंच पडलं. कबुतराची अंडी अडीच आठवड्यांनी उबतात आणि पिल्लं उडायला आणखी महिनाभर लागतो. म्हणजे पालकाचा निम्मा हंगाम गेला. बेननी रोज चौकशी सुरू केली. मादीला ज्वारी टाकली, वाटीत पाणी ठेवलं. माझ्या पालकाची चौकशी कोणी केली नाही. पण त्या कोपऱ्याकडे कोणी फिरकलं नाही म्हणून की काय, तिथली रोपं सगळ्यांत जोरात वाढली. खत कुठून मिळालं हे सांगायला नको.

पहिली कापणी हा घरातला सोहळा असतो. मुळापासून उपटायचा नाही. जमिनीपासून दोन-तीन बोटं ठेवून कात्रीनं कापायचा, मधला कोवळा गाभा राखायचा, म्हणजे पुन्हा फुटतो. पेटीभर पानं कापून सुपात घेतली की छाती भरून येते. हिरवीगार, टचटचीत, सुपाबाहेर ओसंडणारी रास. हिचा फोटो, आईचा फोटो, सुपाचा फोटो, अण्णांना फोटो. मग ही धुऊन चिरते आणि कढईत टाकते. पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण कढईत ते प्रत्यक्ष बघणं म्हणजे वैराग्याचा धडा. झाकण ठेवलं तेव्हा कढई भरलेली होती. काढलं तेव्हा तळाशी काहीतरी हिरवं होतं.

ही झारा हातात धरून थोडा वेळ बघत राहिली. “याला भाजी म्हणायची का फोडणी?”

उपाय ठरलेला आहे. ही फ्रिज उघडते आणि आदल्या दिवशी स्टेशनरोडवरून आणलेली जुडी बाहेर काढते. चण्याची डाळ, शेंगदाणे, ताकात कालवलेलं बेसन, वरून लसणाची फोडणी. पातळ भाजी पातेलंभर होते. त्यात घरचा पालक किती आणि बाजारचा किती हे कोणी विचारत नाही. पाहुण्यांना वाढताना मात्र “आमच्या खिडकीतला आहे बरं का,” हे वाक्य सगळ्या पातेल्याला लागू होतं.

ती बाजारची जुडी कुठून येते हाही विषय आहेच. वसईच्या वाड्यांतून भाजी आणणाऱ्या बायका पहाटेच्या गाडीनं उतरतात, उत्तन-डोंगरीकडून काही भाईंदरच्या बाजारात बसतात. त्यांचा माल उत्तम असतो आणि नऊच्या आत संपतो. पण मुंबईच्या लोकलनं आयुष्य काढलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे दुसराही एक पालक असतो. रुळांच्या कडेला, नाल्याला लागून, हिरवाकंच. रेल्वेनं ‘अधिक धान्य पिकवा’च्या काळात आपली पडीक जमीन भाजीला द्यायला सुरुवात केली. हेतू चांगला होता. पाणी मात्र शेजारी वाहत असेल ते. खिडकीशी बसलेला माणूस ते मळे बघतो, नाक दाबतो, आणि संध्याकाळी घरी जाऊन पालक तीनदा धुतो. मुंबईत लोक घरी पालक लावतात त्यामागे निसर्गप्रेम किती आणि त्या दृश्याची दहशत किती, याचा हिशेब मला तरी लागलेला नाही. माझ्यापुरतं बोलायचं तर दहशतच जास्त.

मुलाला हे काही सांगून चालत नाही. त्याला पालक खाऊ घालायला पॉपायच लागतो. 1929 साली अमेरिकन चित्रकार सेगर यांनी तो खलाशी काढला आणि पुढे पालकाचा डबा त्याच्या हाती दिला. टेक्सासमधल्या क्रिस्टल सिटी या पालकाच्या गावानं 1937 मध्ये त्याचा पुतळाही उभारला. आपल्याकडे कांद्याच्या लासलगावात कांद्याच्या नावानं कोणाचा पुतळा नाही, ही आपली कंजुषी. पॉपायमुळे पालक म्हणजे लोह हे समीकरण घराघरांत गेलं. मग 1981 मध्ये टेरी हॅम्ब्लिन या ब्रिटिश डॉक्टरांनी लिहिलं की हा सगळा घोळ एका दशांशचिन्हाचा आहे. जुन्या जर्मन संशोधकांनी टिंब चुकीच्या जागी दिलं आणि लोह दसपट झालं. गोष्ट इतकी छान होती की सगळ्यांनी ती उचलली. पुढे 2010 मध्ये माइक सटन यांनी शोध घेतला तेव्हा त्या चुकलेल्या टिंबाचाच पुरावा मिळेना. हे सटन पेशानं गुन्हेशास्त्राचे अभ्यासक. पालकाच्या भाजीची चौकशी शेवटी गुन्हेशास्त्रज्ञाकडे गेली यातच सगळं आलं. शिवाय पॉपायचा पालक विलायती. आपला बिटाचा भाऊ त्या वादात कुठंच नाही. लोह दोन्हींत आहे, पण पालकातली काही द्रव्यं ते शरीरात पुरतं शोषू देत नाहीत, म्हणून ताटात लिंबाची फोड ठेवावी. आमच्या आईनं हे सगळं न वाचता आयुष्यभर लिंबू पिळलेलं आहे. मुलगा भाजी खातो, दंड फुगवून बघतो, आणि काहीच झालं नाही म्हणून पोळी मागतो.

खर्चाचं विचाराल तर बोलू नये. माती, खत, बी, जाळीवाल्याची फुकट गेलेली फेरी, ट्रे. एवढ्या पैशांत हंगामभर रोज जुडी आली असती आणि देठासकट आली असती. अण्णांनी हा हिशेब माझ्या आधीच केला होता. परवडत नाही हे त्यांचं पहिल्या दिवसापासूनचं मत आहे, आणि ते बरोबर आहे. पण एक गोष्ट मी पाहिली आहे. गेल्या संक्रांतीला ते इथं आले होते. सकाळी सगळे झोपलेले असताना ते ग्रिलशी उभे होते, एका पानाची मागची बाजू चष्मा वर करून बघत. पानावर वेडीवाकडी पांढरी रेघ उमटली होती. “नागअळी हाये,” ते म्हणाले, आणि तेवढं पान खुडून चुरगाळून टाकलं. मग पुढचं पान उलटं केलं. मग त्याच्या पुढचं. चहा थंड झाला तरी ते तिथंच. बागेच्या कडेच्या वाफ्यात त्यांनी एकेक पान कधी उलटून बघितलं असेल असं मला वाटत नाही.

फेब्रुवारी मध्यावर आला की खेळ आटोपतो. दुपारी ग्रिलच्या लोखंडाला हात लावता येत नाही. नागअळीच्या रेघा वाढतात, देठांवर मावा दिसू लागतो, मधून दांडा सुटतो. मग शेवटची कापणी घेऊन पेटी रिकामी करावी, माती उन्हात पसरून ठेवावी. दांडे तसेच सोडून बी धरायला बसण्यात अर्थ नाही. कबुतरं ते पिकू देत नाहीत.

तेव्हा तुम्हीही मिरा रोड-भाईंदरला, वसईला, ठाण्याला राहत असाल आणि ग्रिलमध्ये सकाळचं थोडं ऊन येत असेल, तर दिवाळी झाली की बी भिजत घाला. ऑल ग्रीन घ्या, विलायती पालकाच्या नादी लागू नका, त्याला इथली थंडी पुरत नाही. जाळी पेरणीच्या आधी लावा, नंतर लावायचं म्हणाल तर अंडी पडतील. खाली ट्रे ठेवा. आणि ज्या दिवशी पाहुणे जेवायला असतील त्या दिवशी सकाळी नऊच्या आत बाजारात जाऊन दोन जुड्या घेऊन या.